छोटीला उचलून घ्या

त्सुमक्वे, नामिबिया

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

मी अगदी मजेत आहे. बाबा, "त्या रानात एकटी" असं आता लिहू नका. दवाखान्याला कुंपण आहे, सोबतीला दोन नर्स आहेत, आणि इथली माणसं माझी काळजी घेतात.

आई, वहिनी म्हणाली, छोटी रडली तरी तू उचलू देत नाहीस, हाताची सवय लागेल म्हणून. पूर्वी शिकारीवर आणि कंदमुळांवर जगणाऱ्या इथल्या सान लोकांत, जू-होआन्सी म्हणतात त्यांना (नावात मधेच, आपण हळहळताना 'च्च' करतो तो आवाज येतो), मुद्दाम हाताचीच सवय लावतात. पाळणा नाहीच. झोळीत बाळ आईच्या कुशीला, पाठीवर नाही. तोंडाशी दूध, समोर माणसं. जरा कुरकुरलं की काही सेकंदांत कुणीतरी घेतंच. मेल्विन कॉनर या अभ्यासकाने 1969 पासून पलीकडे बोट्स्वानात हे मोजलं: तासाला साधारण 4 वेळा पाजणं, एका वेळी दोनेक मिनिटं. त्यामुळे तेव्हा पुढचा गर्भ लवकर राहत नसे, दोन मुलांत जवळजवळ 4 वर्षं जायची. कंदमुळं गोळा करायला मैलोगणती चालायचं, तर कडेवर दोन कशी घेणार? बाळं रडतात इतरांसारखीच, पण लवकर शांत होतात.

बसायला मात्र शिकवतात. शिकवलं नाही तर पाठीचा कणा बळकट होत नाही, असं म्हाताऱ्या बायका सांगतात, म्हणून बाळाभोवती वाळूचा ढीग रचून बसवायचं. आता लोक एका जागी राहतात, शिकार कमी झाली, तरी दवाखान्यात येणाऱ्या आया बाळाला खाली ठेवत नाहीत. इतकं अंगावर वाढलेलं मूल चालू लागलं की लहानमोठ्या पोरांच्या घोळक्यात खुशाल निघून जातं. लाडावत नाही गं. मी रोज बघते.

बारशाचे फोटो पाहिले. कानात नाव सांगायचं काम आत्याचं, आणि ते मावशीने केलं. छान केलं. रजा मिळत नव्हती, खरंच. झबल्यासाठी कापड घेऊन ठेवलंय.

पंचवीस हजार सोमवारी येतील. त्यातून दादाच्या कर्जाचा हप्ता भरा, उरलेले आईच्या डोळ्यांसाठी ठेवा, पुन्हा पुढे ढकलू नका. साताऱ्याच्या स्थळाला "नाही" कळवू नका, मार्चपर्यंत थांबा म्हणावं. मार्चला येतेच.

तोवर छोटीला माझ्या वाटणीचंही कडेवर घ्या.

तुमची,
माई