बारा दिवसांचे तीन आठवडे का होतात

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही हिशोब मांडलात: ट्रकने जर्मनीतल्या म्युनिकहून कझाकस्तानातल्या अल्माटीपर्यंत सात हजार किलोमीटर, दिवसाला सहाशे धरले तर बारा दिवस, मग तीन आठवडे कशाला? हिशोब बरोबर आहे, पण तो एकट्या रस्त्याचा झाला. आणि आईचा प्रश्न तर ठरलेलाच: "नकाशावर गाडी दोन दिवस एकाच जागी दिसते, काही झालं तर नाही ना?" दोघांना एकदाच सविस्तर लिहितो.

आधी घड्याळ. गाडीत टॅकोग्राफ असतो, म्हणजे चालवण्याच्या वेळेची नोंद ठेवणारं यंत्र. चालकाचं कार्ड त्यात घातलं की मिनिटामिनिटाची नोंद होते आणि ती पुसता येत नाही. साडेचार तास चालवलं की ४५ मिनिटं थांबायचं. दिवसाला नऊ तास चालवायचं, आठवड्यातून दोनदा दहा चालतात. रोज ११ तास विश्रांती. आठवड्याला जास्तीत जास्त ५६ तास, पण सलग दोन आठवड्यांत मिळून ९० च. खरी मेख या शेवटच्या आकड्यात आहे. भरलेल्या गाडीची सरासरी तासाला ६५ किलोमीटर धरली तर सात हजार किलोमीटरला १०८ तास लागतात, म्हणजे कुठेही न रखडता गेलं तरी तिसरा आठवडा उजाडतोच. हे नियम युरोपीय संघापुरते नाहीत, तुर्कस्तान, जॉर्जिया, अझरबैजान आणि कझाकस्तान यांनीही तोच करार मान्य केला आहे. त्यातून जर्मनीत रविवारी रात्री दहापर्यंत ट्रकना बंदी, ऑस्ट्रियात शनिवारी दुपारी तीनपासूनच. शुक्रवारी निघणारी गाडी म्हणूनच वाऱ्यावर सोडल्यासारखी कुठल्यातरी पार्किंगमध्ये दिसते. काही झालेलं नसतं, वार चुकलेला असतो.

आता मालाचं सांगतो, कारण माझ्या मते सगळ्यात मोठा धोका तिथे आहे, थंडीत नाही. गाडी मालासकट ४० टन, त्यात माल साधारण २४ टन. जोराचा ब्रेक लागला तर मालाच्या वजनाच्या ०.८ पट जोर पुढे येतो असं धरून बांधणी करतात. बाजूला आणि मागे ०.५ पट. म्हणजे २४ टनांचा माल १९ टनांच्या जोराने पुढच्या भिंतीवर चाल करून जातो. हा जोर पट्ट्यांनी अडेल असं वाटतं, पण पट्ट्यावर 'पाच टन' लिहिलेलं असलं तरी तो माल पाच टनांनी दाबत नाही. तो आकडा पट्टा किती सोसेल याचा. पट्टा आवळायचं खटक्याचं हँडल (रॅचेट) हाताने ओढून मालावर येणारा ताण जेमतेम तीनशे ते पाचशे किलोंचा. म्हणून तीन गोष्टी कराव्या लागतात: माल पुढच्या भिंतीला अगदी भिडवून लावायचा, मधे बोटभरही फट नको, पॅलेटखाली (माल रचायच्या लाकडी चौकटीखाली) रबरी चटया घालायच्या, त्याने घर्षणांक ०.६ धरता येतो. आणि मग पट्टे.

इथेच घोडं पेंड खातं. लाकडी पॅलेट हादऱ्यांनी बसतात आणि पट्टे ढिले पडतात. एरवी पन्नासेक किलोमीटरवर थांबून पुन्हा आवळतात. पण आमच्या ट्रेलरला कस्टमचं सील असतं. निघाल्यापासून अल्माटीपर्यंत आत पाऊल टाकता येत नाही. जे आवळायचं ते सील लागायच्या आधी, गोदामात. शक्य असेल तर गाडी आवारात एक फेरी फिरवायची, दोनतीनदा ब्रेक मारायचा, पट्टे पुन्हा ओढायचे आणि मगच सीलवाल्याला बोलवायचं. हा अर्धा तास वाचवणारे पुढे वळणावर पस्तावतात.

हे सील टीआयआर नावाच्या व्यवस्थेचं. करार १९७५ चा, जिनिव्हात झालेला. निघताना एकदा तपासून सील लावायचं, मधल्या देशांनी फक्त सील आणि कागद बघायचे, माल उतरवून घ्यायचा नाही. मधेच माल गायब झाला तर करासाठी एका पुस्तकामागे एक लाख युरोपर्यंतची हमी असते. पुस्तक म्हणजे कार्नेट, चेकबुकाच्या धाटणीचं. प्रत्येक हद्दीत दोन पानं फाटतात, शिरताना पांढरं आणि बाहेर पडताना हिरवं, मागे शिक्क्याचा तुकडा उरतो. संपूर्ण युरोपीय संघ मिळून एक हद्द, मग तुर्कस्तान, जॉर्जिया, अझरबैजान, कझाकस्तान, म्हणजे पाच हद्दींची दहा पानं, म्हणून १४ पानांचं पुस्तक घेतात. प्रत्येक नाक्यावर निघण्याआधी हिरव्या पानाचा शिक्का, तारीख आणि सही स्वतः वाचायची. एक शिक्का राहिला की त्या देशाच्या दप्तरी माल 'आला पण गेला नाही', आणि ते निस्तरायला महिने जातात.

आई, आता शिवणाचं तुला माझ्याहून जास्त कळेल. ट्रेलरची बाजू ताडपत्रीची असते. तिच्या भोकांतून पारदर्शक प्लॅस्टिकच्या आवरणातली तीन मिलिमीटरची पोलादी दोरी सलग ओवलेली असते, दोन्ही टोकं एकत्र आणून सील. भोकांमधलं अंतर २०० मिलिमीटरच्या आत, म्हणजे मधून हात घालता येऊ नये. पार्किंगमध्ये कोणी सुरी फिरवली किंवा कुठे घासून फाटली तर नुसतं ठिगळ चालत नाही. दोन शिवणी हव्यात, मधे किमान १५ मिलिमीटर. त्यांतली एक शिवण फक्त आतून दिसली पाहिजे, आणि तिचा दोरा ताडपत्रीच्या आणि दुसऱ्या शिवणीच्याही रंगापेक्षा स्पष्ट वेगळा. का? बाहेरून उसवून पुन्हा शिवणाऱ्या चोराला आतला रंग दिसतच नाही. हे असं कोणी ठरवलं असेल तो माणूस नक्की शिंप्याच्या घरचा असणार. सीलच तुटलं तर मात्र स्वतः काही करायचं नाही. जवळचं कस्टम किंवा पोलीस गाठायचे आणि कार्नेटच्या शेवटी असलेल्या पंचनाम्याच्या पानावर नोंद करून घ्यायची.

रस्ता थोडक्यात सांगतो. ऑस्ट्रिया, हंगेरी, रुमानिया, बल्गेरिया. जानेवारी २०२५ पासून रुमानिया-बल्गेरियाच्या वेशीवर पासपोर्ट बघत नाहीत, तेवढा वेळ वाचतो. पहिला खरा नाका बल्गेरिया-तुर्कस्तानचा, कापिकुले. तिथे ट्रकची रांग किलोमीटरमध्ये मोजतात: वजनकाटा, एक्स-रे, पासपोर्ट, कस्टम. इस्तंबूलला जड गाड्यांना २०१६ साली झालेला तिसरा पूलच घ्यावा लागतो, शहराच्या मधले दोन बंद. पुढे काळ्या समुद्राच्या काठाने सार्पच्या नाक्यावरून जॉर्जियात, मग तिबिलिसी, लाल पुलावरून अझरबैजान आणि बाकूच्या दक्षिणेला अलात बंदर.

अलातला गाडी दोन काय, पाच दिवसही उभी दिसू शकते. कॅस्पियन समुद्र ओलांडणाऱ्या बोटीला वेळापत्रक नाही. भरली की निघते, आणि वारा सुटला की बंदरच बंद होतं. पलीकडे कझाकस्तानात अकताऊ किंवा कुरिकला पोचायला एक दिवसाच्या आसपास लागतो. कॅस्पियन जगातल्या समुद्रांच्या पातळीपेक्षा २८-२९ मीटर खाली आहे आणि अलीकडे त्याचं पाणी आणखी उतरतंय. उथळ झालेल्या बंदरांत बोटी पूर्ण भरता येत नाहीत, त्यानेही खोळंबा वाढतो. चढल्यावर गाडी साखळ्यांनी डेकला बांधतात. बांधण्याआधी सस्पेन्शनच्या फुग्यांतली हवा सोडून गाडी खाली बसवायची. तशीच फुगलेली ठेवली तर लाटेबरोबर ती वरखाली होते, हवा हळूहळू झिरपते, साखळ्या ढिल्या पडतात आणि शेजारच्या गाडीला जाऊन लागते.

बाबा, तुम्ही थंडीत डिझेलचं काय होतं विचारलं होतंत. खोबरेल तेल थंडीत गोठतं तसंच. डिझेलमधलं मेण स्फटिक होऊन बाहेर येतं. टाकीत ते नुसतं गढूळ दिसतं, पण फिल्टरच्या बारीक जाळीवर साचलं की इंजिनाला डिझेल मिळत नाही आणि गाडी दहा-वीस किलोमीटर चालून खोकत बंद पडते. चूक बहुतेक वेळा चार दिवस आधी झालेली असते: काळ्या समुद्राच्या उबदार काठावर टाक्या काठोकाठ भरल्या, आणि तेच डिझेल घेऊन उणे २५ अंशांच्या माळरानात उतरले. चाळीस टनांच्या गाडीला शंभर किलोमीटरला तीसेक लिटर लागतं, हजार लिटरमध्ये तीन हजार किलोमीटर सहज जाते, म्हणून मोह होतो. त्यापेक्षा बोटीवर चढताना टाक्या तळाला आलेल्या बऱ्या. पलीकडे उतरल्यावर तिथलं हिवाळी डिझेल भरायचं आणि थोडं अंतर चालवूनच मुक्काम करायचा, म्हणजे नळ्यांमधलं जुनं डिझेल संपतं. गोठू नये म्हणून मिळणारं औषध गोठण्याआधी घालायचं. एकदा मेण धरलं की त्या औषधाने ते विरघळत नाही. रॉकेल मिसळायचा जुना उपाय आता नको. आजच्या इंजिनात इंधनाचा दाब दोन हजार बारच्या वर जातो, पंपाला वंगण डिझेलचंच मिळतं, आणि रॉकेलमध्ये तो ओशटपणा नसतो. दोन जादा फिल्टर आणि ते काढायचा पाना केबिनमध्ये ठेवायचा, बाहेरच्या पेटीत नको. पेटीचं कुलूपही गोठतं.

ॲडब्लूची, म्हणजे धूर स्वच्छ करायला लागणाऱ्या युरियाच्या पाण्याची, काळजी मात्र करू नका. ते उणे ११ अंशांना गोठतं, पण गाडी त्याच्याशिवाय सुरू होते आणि इंजिनाच्या गरम पाण्याने टाकी वितळते. पाणी घातलेलं ॲडब्लू मिळालं तर त्रास: सेन्सर ओळखतो आणि इंजिनाची ताकद कमी करून टाकतो.

टायरचं गणित तुम्हाला आवडेल. २० अंशांना नऊ बार भरलेला टायर उणे २० ला साडेसातच्या जरा वर दाखवतो. पंक्चर नाही, हवा आकसलेली. थंडीत पोचल्यावर पुन्हा भरायची. बारा टायर, एका चाकाला दहा नट, ६०० न्यूटन-मीटरला आवळलेले. चाक बदललं की पन्नास किलोमीटरवर परत एकदा टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराने आवळायचा पाना) लावायचा, कारण रंग आणि गंज दबून नट सैल होतात. स्टेपनी शंभर किलोच्या वर भरते, एकट्याने उचलायच्या फंदात पडत नाहीत.

आई, "ब्रेक गोठले तर?" त्याचंही उत्तर आहे. ट्रकचे ब्रेक दाबलेल्या हवेवर चालतात. त्या हवेतली ओल नळ्यांत गोठू शकते, म्हणून हिवाळ्याआधी ओल शोषणाऱ्या एअर ड्रायरची डबी बदलतात आणि हवेच्या टाक्यांच्या खालची कडी ओढून पाणी सोडतात. पण पार्किंग ब्रेक स्प्रिंगने लागतो आणि हवेने सुटतो. हवाच गेली तर गाडी सुसाट सुटत नाही, जागेवर जखडते. ओले ब्रेक लावून रात्री उभी केली तर सकाळी चाकं चिकटलेली असतात, म्हणून सपाट जागी चाकांना लाकडी ठोकळे लावून ट्रेलरचा ब्रेक मोकळा ठेवतात. बर्फाच्या उतारावर रिटार्डर (नेहमीच्या ब्रेकशिवाय गाडीचा वेग कमी करणारं यंत्र) बंद ठेवायचा. तो फक्त इंजिनाच्या चाकांना धरतो आणि मागून ट्रेलर ढकलतो, मग गाडी चाकूसारखी मिटते. खालच्या गिअरमध्ये, चालत गेल्यासारखं उतरायचं.

केबिनमध्ये थंडी वाजत नाही. इंजिन बंद असताना डिझेलवरचा छोटा हीटर चालतो, तासाला पाव लिटरहून कमी पितो. त्याच्या पंख्याला बॅटरी लागते, म्हणून व्होल्टेज २४ च्या खाली जायला लागलं की इंजिन थोडा वेळ सुरू करायचं.

फोनचं असं ठरवू. जर्मनीत हिवाळ्यात मी तुमच्याहून साडेचार तास मागे असतो, तुर्कस्तानात अडीच, जॉर्जिया आणि अझरबैजानात दीड. कझाकस्तानात मार्च २०२४ पासून सगळीकडे एकच वेळ आहे, तुमच्याहून फक्त अर्धा तास मागे. बोटीवर चढताना 'चढलो' एवढा एक मेसेज येईल. त्यानंतर दोन दिवस काही आलं नाही तर समुद्रात रेंज नाही असं समजा. अकताऊहून बेयनेऊकडे जाताना मधे मोठा टप्पा निर्मनुष्य आहे, तिथेही तसंच. त्यापुढे रोज तुमच्या रात्री साडेआठला मी उभा असेन, तेव्हा फोन करा.

तुमचा,
नंदू