नाव न सांगता राबणाऱ्यांना

लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत, नागपूरच्या सदर भागातल्या चर्चात प्रार्थना आटोपली की मागच्या बाकावर बसून अन्याय झालेल्यांचे अर्ज लिहून देणाऱ्या तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. बायबलमधल्या यशयाच्या पुस्तकाच्या 58व्या अध्यायात देवाला आवडणारा उपास म्हणजे जुलमाच्या गाठी सोडणं. त्या तुम्ही कार्बन पेपर घालून सोडवल्यात.

तारीख, वेळ, ठिकाण, हजर कोण, सगळं पीडिताच्याच शब्दांत. आपली भारदस्त मराठी घुसली की माणूस उलटतपासणीत अडखळतो, आणि समोरचा वकील तिथंच बोट ठेवतो. अंगठा घेण्याआधी अर्ज वाचून दाखवलात. मूळ कागद हातचे सोडू दिले नाहीत, झेरॉक्सच जोडली. दुसऱ्या प्रतीवर शिक्का नि आवक क्रमांक घ्यायला लावलंत. एफआयआरची प्रत फुकट मिळते, हेही सांगितलंत. महिलेला किंवा दलित-आदिवासीला 1987च्या कायद्यानं मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. तरी लोक उत्पन्नाच्या दाखल्यासाठी चकरा मारत बसतात. तुम्ही त्यांना थेट सिव्हिल लाईन्सला, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात नेलंत.

‘माफ करून टाक’ असं मात्र कुणालाच घाईनं म्हणाला नाहीत. त्याबद्दल जरा जास्तच आभार.