‘शिवू नकोस’ नव्हे, ‘सोड आता’

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला ‘नोली मे तांगेरे’वरचा, म्हणजे पुनरुत्थित येशूच्या ‘मला शिवू नकोस’ या शब्दांवरचा, लेख वाचला. लॅटिन शब्द बिनचूक छापलेत, त्याबद्दल अभिनंदन. अर्थाचं मात्र पार वाटोळं झालं आहे.

येशूची शिष्या मग्दालिया मरिया पतिता, म्हणून त्याने तिला ‘शिवू नकोस’ म्हटलं, असं लेखकाने ठोकून दिलं आहे. तिला पतिता ठरवलं ते पहिल्या ग्रेगरी पोपनी, इ. स. ५९१च्या प्रवचनात. शुभवर्तमानात तिच्या चारित्र्याबद्दल अवाक्षर नाही. २०१६ साली तर खुद्द व्हॅटिकनने तिच्या सणाला, २२ जुलैला, प्रेषितांच्या सणांचा दर्जा दिला. आणि विटाळाचाच प्रश्न असता तर योहानाच्या शुभवर्तमानात, हा प्रसंग आहे त्याच विसाव्या अध्यायात, थोमा या शिष्याला ‘कुशीत हात घालून बघ’ असं कशाला सांगितलं असतं? मूळ ग्रीक शब्दांचा रोख ‘धरून राहू नकोस’ असा आहे.

माझे वडील बोटीवर होते. वर्षातून एकदा येत. मी सात वर्षांची असताना, ते निघाले त्या दिवशी एसटीच्या थांब्यावर मी त्यांच्या पायाला मिठी मारून बसले. ट्रंकेतून काढलेली कडक इस्त्रीची पँट, तिला डांबराच्या गोळ्यांचा वास. कंडक्टरने दोनदा घंटी मारली. वडील वाकले, माझी बोटं एकेक करून सोडवली आणि म्हणाले, “सोड आता, पोरी. जायला हवं.” गुडघ्यावर पँट चुरगळली होती, तशीच घेऊन ते गाडीत चढले. तो काय विटाळ होता, साहेब?

इटालियन चित्रकार टिशियनच्या याच नावाच्या चित्रात हेच तर आहे. येशू अंगावरचं पांढरं वस्त्र मागे ओढून घेतो आणि झुकतो मात्र तिच्याचकडे. मरियाला तो आधी माळी वाटला होता, म्हणून चित्रकाराने त्याच्या हातात कुदळ दिली. तुम्ही ती कुदळ छाटून तिथे प्रेशर कुकरची जाहिरात बसवलीत!

महायुद्धात लंडनच्या नॅशनल गॅलरीने आपली चित्रं वेल्समधल्या एका खाणीत हलवली होती. लोकांना काहीतरी बघायला मिळू द्या, असं ‘द टाइम्स’ला एकाने पत्र लिहिलं, आणि १९४२ साली महिन्याला एक चित्र परत आणून लावायला सुरुवात झाली. पहिलं आलं ते हेच. वाचकांच्या पत्रांची अशीही दखल घेतली जात असे, एवढंच सुचवते.

जाता जाता, चौकटीत लाजाळूचा फोटो कशासाठी? हे लॅटिन नाव ज्या रोपाला मिळालं ते आपल्या तेरड्याचं भावंड. पिकलेल्या बोंडाला बोट लागलं की ते फटकन फुटतं. माझ्या अंगणात तेरडा भरपूर आहे, फोटोग्राफर पाठवा. कुदळही आहे.

— एक निवृत्त शिक्षिका, वसई