समासातली लाल शाई

म्युनिक, रविवार

ती. अप्पांस,
शि. सा. नमस्कार.

तुम्ही आणि आई गडहिंग्लजला दादाकडे सुखरूप पोचलात, हे कळलं. निपाणीच्या घराची किल्ली शेजारी दिलीत ते बरं केलंत.

"तू तिथं नेमकं करतेस काय?" असं तुम्ही विचारलं होतंत. तुमच्या वखारीवरूनच सांगते. कोल्हापूरच्या पेढीवर रोजचे व्यवहार कीर्दीत लिहायचे, तिची नक्कल यष्टीनं निपाणीला यायची आणि तुम्ही ती खात्यांप्रमाणे खतावणीला चढवायचात. आमचा डेटाबेसही तसाच. मुख्य सर्व्हर आधी कीर्द लिहितो, पानं दुसऱ्या सर्व्हरला पाठवतो, तो ती आपल्या खतावणीत चढवतो. लोकांना बाकी दिसते ती या दुसऱ्या वहीतली.

गेल्या महिन्यात ती वही दोन तास मागं पडली. पैसे भरलेल्यांना जुनीच बाकी दिसत होती. एका बाईनं घाबरून दुसऱ्यांदा भरले. फोनवर रडत होती हो ती. आमच्या देखरेखीच्या पडद्यावर आकडा एकच, 'इतके सेकंद मागे'. पण अडलंय कुठं? पान निघालंच नाही, वाटेत आहे, की येऊन चढवायचं राहिलंय? पोस्टग्रेस हा आमचा डेटाबेस; त्यात २०१७ च्या दहाव्या आवृत्तीपासून लिहिणं, डिस्कवर पक्कं होणं आणि चढवणं यांचा उशीर वेगवेगळा कळतो. आमच्या पडद्यावर तो कुणी आणलाच नव्हता.

पानं तर वेळेवर येत होती. कुणीतरी मोठा अहवाल काढायला खतावणी उघडून बसलेलं, म्हणून चढवणं थांबलं. ३० सेकंद वाट बघून असा अहवाल तोडायचा, ही मूळची मर्यादा. ती आमच्याकडे काढून टाकलेली.

रात्री उलटं होतं. शेवटची नोंद किती जुनी एवढंच मोजलं, तर कुणी काही लिहीत नसतानाही आकडा फुगत जातो. रविवारी वखार बंद, म्हणून खतावणीत शेवटची नोंद शनिवारची. त्याला मागं पडणं कोण म्हणेल? तुम्ही पानाचा नंबर पेढीच्या नंबराशी ताडायचात. मीही आता तेच दाखवणार आहे, आणि शेजारी अडण्याचं कारणही.

तुम्ही समासात लाल शाईनं लिहायचात ना, "दूधगंगेला पाणी, यष्टी कागलात, पानं ४१ ते ४३ यायची आहेत"? मालकांना त्यापुढं काही विचारावं लागायचं नाही. ती वही निपाणीत माळ्यावर असेल. परत गेलात की दादाकडून त्या पानाचा फोटो पाठवा. इथल्या माणसांना दाखवायचाय मला.

आईला नमस्कार.

तुमची,
सुमी