लाईट दोन दिवस उशिरा आली तरी चालेल, पण घर तपासून द्या : ऊर्जामंत्र्यांना खुलं पत्र

मा. ऊर्जामंत्री साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी वायरमन आहे. पुराचं पाणी उतरलं की ज्यांचे फोन वाजायला लागतात त्यातला एक, आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला, लाईट कधी येणार. तुम्हालाही पत्रकार तेच विचारत असणार, मग खालपर्यंत सगळे किती तासात सप्लाय चालू केला हे सांगायच्या मागे लागतात. साहेब, माझं एकच मागणं आहे. ज्या घरात पाणी शिरलं त्या घराला तपासल्याशिवाय लाईट देऊ नका.

का ते सांगतो. फरशी धुतली, बोर्ड वरून कोरडा दिसला की लोकांना वाटतं झालं. पण भिंतीतल्या कन्सील पाईपात पाणी तसंच राहिलेलं असतं, सॉकेटच्या आत गाळ बसलेला असतो आणि तो वाळला तरी हवा दमट झाली की परत करंट सोडतो. ओल्या भिंतीला हात लावला तरी झिणझिण्या येतात. हे बघून कळत नाही, टेस्टरनेही नीट कळत नाही, मेगरच, म्हणजे वायरच्या आवरणातून करंट गळतो का ते मोजणारं यंत्र, लावावा लागतो, ५०० व्होल्टला इन्सुलेशन निदान १ मेगाओहम दाखवतंय का बघायचं आणि नसेल दाखवत तर ते सर्किट बंद ठेवायचं, घरमालक कितीही मागे लागला तरी. बुडालेले स्विच, सॉकेट, एमसीबी उन्हात वाळवून परत लावतात लोक, ते बदललेच पाहिजेत. मोटर एकवेळ धुऊन, सुकवून, मेगर लावून वाचते.

एमसीबी आहे ना मग कसली भीती, हे तर मी दर वेळी ऐकतो. अहो १६ अँपिअरचा एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो. माणसाला साधारण १० मिलिअँपच्या पुढे हाताची पकड सोडवत नाही, ५० ते १०० मिलिअँप काळजाचे ठोके बिघडवून जीव घ्यायला पुरतो, एवढ्याशा करंटने एमसीबी हलतसुद्धा नाही. माणसासाठी ३० मिलिअँपचा आरसीसीबी लागतो, म्हणजे एवढासा करंट गळला तरी सप्लाय तोडणारा स्विच, ज्याला लोक ईएलसीबीच म्हणतात, आणि जोडीला चांगलं अर्थिंग. पूररेषेतल्या जुन्या घरांनाही तो बसवून द्या, मीटर आणि मेन स्विच पाण्याच्या वर न्या.

दुसरं, इशारा वेळेत द्या. मेन बंद करा ही सूचना पाणी रस्त्यावर असतानाच आली पाहिजे. घरात गुडघाभर पाणी झाल्यावर माणूस पाण्यात उभा राहून मेनला हात लावायला जातो, तिथेच जीव जातो. मेनपर्यंत पाण्यातूनच जावं लागत असेल तर जायचंच नाही, सप्लाय बाहेरून डीपीवरूनच, म्हणजे गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरवरूनच, तोडायचा, आणि त्यासाठी एक फोन नंबर हवा जो रात्री पण उचलला जाईल.

आणि त्या सूचनेत इन्व्हर्टरचं नाव घ्या साहेब, कुणीच घेत नाही. लाईट गेली म्हणजे करंट गेला असं सगळ्यांना वाटतं, पण इन्व्हर्टर त्याच वायरिंगमध्ये २३० व्होल्ट सोडत असतो आणि बऱ्याच घरात तो ठेवलेला असतो जमिनीवर. मला स्वतःला असा झटका बसलाय, बाहेरचा सप्लाय तोडलेला होता, मी निर्धास्त बोर्ड उघडला आणि हात मागे फेकला गेला. हात कोरडा होता, पायात रबरी बूट होते म्हणून आज हे लिहितोय. सोलरचंही तसंच, ऊन आहे तोवर पॅनेलमधून डीसी येतच राहतो, मेन बंद असो नसो. जनरेटर तर घरातल्या सॉकेटला जोडायचाच नाही, करंट उलटा डीपीत जाऊन पलीकडे हाय व्होल्टेज होतो आणि खांबावरचा लाईनमन मरतो. शिवाय तो घराबाहेर, खिडक्यांपासून लांब चालवायचा, त्याच्या धुरातल्या विषारी वायूला वासही नसतो.

तुटलेल्या तारेपासून निदान १० मीटर लांब राहायचं, हे तरी लाऊडस्पीकरवर सांगतात, ते चालू ठेवा.

तपासणीला माणसं कुठून आणायची म्हणाल तर लायसन असलेले वायरमन आहेत ना, पाऊस सुरू व्हायच्या आधीच आमच्या याद्या करा, मेगर द्या. घर तपासून झालं की मीटरवर तारीख आणि सहीचं स्टिकर, ते बघूनच लाईनमनने फ्यूज टाकायचा. यादीत माझं नाव पहिलं लिहा, माझा मेगर मी घेऊन येतो.

आपला,
एक वायरमन