नांदेडच्या विष्णुपुरीतल्या दोन कॉलेजांना एकत्र बसवा

मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांना

स.न.वि.वि.

साहेब, माझा थोरला भाऊ परभणीजवळ जिनिंगमध्ये कामाला आहे. कापसाची धूळ, बारमाही चोंदलेलं नाक. "हाड वाढलंय" म्हणून ऑपरेशन झालं. आता दुर्बिणीतून पाहिलं की वाट लख्ख मोकळी दिसते, आणि भाऊ मात्र रात्री उठून बसतो. "नाक मोकळं हाय, पण वारंच लागंना," म्हणतो. तपासणाऱ्यांनी हे मनाचे खेळ ठरवले. त्याचं मला फार वाईट वाटलं.

मी इंजिनिअरिंगच्या मुलांना हवा-पाण्याच्या प्रवाहाचं शास्त्र शिकवतो, म्हणून शोधत गेलो. नाकाच्या आत बाजूच्या भिंतींवर मांसल घड्या असतात, त्यांना टर्बिनेट म्हणतात. हवा त्यांना घासून जाताना गरम आणि ओलसर होते, अस्तर गार पडतं. श्वास मिळतोय हे मेंदूला बरंचसं त्या गारव्यावरून कळतं. खालची घडी जास्त कापली गेली तर वाट रुंद होते, पण झोत मधूनच निघून जाऊ शकतो आणि खालच्या अस्तराला वारा लागत नाही. या त्रासाला एम्प्टी नोज सिंड्रोम असं नाव आहे. भाऊ खोटं बोलत नव्हता.

हा झोत कॉम्प्युटरवर दिसतो. सीटी स्कॅनच्या कापांवरून नाकाचा साचा करायचा, त्यात लाखो बारीक घरांची जाळी भरायची आणि घराघरात नेव्हिए-स्टोक्स समीकरणं, म्हणजे प्रवाहाचा वेग आणि दाब सांगणारं गणित, सोडवायची. साचा करणारं थ्रीडी स्लायसर आणि समीकरणं सोडवणारं ओपनफोम, ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत. घडी थोडी कमी केली तर वारा कुठून जाईल, हे कात्री लावण्याआधी पडद्यावर करून बघता येतं. निर्णय सर्जनचाच. हे तंत्र अजून मुख्यतः संशोधनात आहे, म्हणून तर ते सरकारी कॉलेजात, देखरेखीखाली व्हावं.

नांदेडला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि श्री गुरु गोबिंदसिंहजी अभियांत्रिकी संस्था, दोन्ही विष्णुपुरीतच. त्यांच्यात करार करून द्या. एक दमदार कॉम्प्युटर, नाकातला दाब आणि प्रवाह मोजणारं राइनोमॅनोमीटर, रुग्णाच्या संमतीने नाव काढून दिलेले स्कॅन, एवढ्यावर सुरुवात होते. पडद्यावरचं उत्तर यंत्राच्या मापाशी ताडून पाहिल्याशिवाय कुणावर वापरू नये, ही अटही आदेशातच घाला.

भावाचे ऑपरेशनआधीचे आणि नंतरचे, दोन्ही स्कॅन माझ्याकडे आहेत. पहिली केस म्हणून ते द्यायला तो तयार आहे.

आपला,
एक प्राध्यापक, परभणी