किती गुंडे नव्हे, किती ग्रॅम ते छापा

संपादक महोदय,

आपल्या पुरवणीतील विणकामाच्या सदरात नवजात बाळाची टोपी, मोजे, स्वेटर यांचे नमुने अधूनमधून येतात. नमुने चांगले असतात, छायाचित्रे तर फारच देखणी. पण 'साहित्य : बेबी लोकर दोन गुंडे, 8 नंबरच्या सुया' एवढ्यावर साहित्याची यादी आटोपते आणि पुढे थेट 'टाके घाला' सुरू होते. आम्ही विणकाम शिकवणारे वाचक आहोत. हे नमुने ज्या विणायला घेतात, त्यांच्यापैकी बऱ्याच जणी आठव्या-नवव्या महिन्यात असतात. चुकलेले उसवून पुन्हा विणायला त्यांच्याकडे ना वेळ असतो, ना पाठीत तेवढा दम. म्हणून ही तक्रार.

पहिली गोष्ट गुंड्याची. गुंडा 25 ग्रॅमचा असतो, 50 चा असतो आणि 100 चाही असतो. मग दोन गुंडे म्हणजे काय समजायचे? सुयांच्या नंबराचा घोळ तर याहून मोठा. ब्रिटिश पद्धतीत 8 नंबर म्हणजे 4 मिमी, अमेरिकन पद्धतीत 8 नंबर म्हणजे 5 मिमी. त्यात ब्रिटिश नंबर वाढतो तशी सुई बारीक होत जाते आणि अमेरिकन वाढतो तशी जाड. ब्रिटिश 10 नंबर 3.25 मिमीचा, अमेरिकन 10 नंबर चक्क 6 मिमीचा! क्रोशातही तेच : अमेरिकन नमुन्यातला 'डबल क्रोशे' हा ब्रिटिश नमुन्यातला 'ट्रेबल' असतो. तेव्हा सुई मिलिमीटरमध्ये, लोकर ग्रॅममध्ये आणि क्रोशाचा नमुना कोणत्या पद्धतीचा, एवढे तरी छापलेच पाहिजे.

दुसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे 10 सेंटिमीटरमध्ये किती टाके बसायला हवेत तो आकडा. तो नसेल तर बाकीचा नमुना अंदाजपंचे. टोपीचेच घ्या. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या डोक्याचा घेर सरासरी 35 सेंमीच्या आसपास असतो. टोपी ताणून बसते, म्हणून ती घेराहून दोन-तीन सेंमी लहान विणायची. डीके (डबल निटिंग, म्हणजे मध्यम) जाडीची लोकर 4 मिमी सुयांवर विणली की साधारण 22 टाक्यांत 10 सेंमी होतात. म्हणजे 72 टाक्यांची टोपी पावणेतेहतीस सेंमीची. हात थोडा सैल असला आणि 10 सेंमीत 20 च टाके बसले, तर तीच टोपी 36 सेंमी होऊन बाळाच्या डोळ्यांवर येते. हात घट्ट असला, 25 टाके बसले, तर ती 29 सेंमीही भरत नाही आणि कपाळावर वळ उठवते. नमुना तोच, लोकर तीच, टाकेही तेवढेच.

यावर उपाय जुनाच आहे. 34 टाके घालून 15 सेंमीचा चौकोन विणायचा, धुऊन वाळवायचा आणि त्याच्या मधल्या 10 सेंमीतले टाके मोजायचे. कडेचे टाके मोजू नयेत, ते नेहमी वेडेवाकडे असतात. टाके जास्त भरले तर पाव किंवा अर्धा मिमी जाड सुई घ्यायची, कमी भरले तर बारीक. 'हात सैल सोडून विणीन' असे मनाशी ठरवून काही उपयोग नाही. दहा ओळींनंतर हात मूळ पदावर येतो.

टोपीची पूर्ण कृती कशी छापावी याचा मासला म्हणून देतो. दोन सरळ सुयांवर 74 टाके घ्यावेत. 72 टोपीचे, कडेचा एकेक शिलाईसाठी. टाके घालताना दोन सुया एकत्र धराव्यात आणि घालून झाले की एक काढून घ्यावी. काठ घट्ट राहिल्याने वाया जाणाऱ्या टोप्या त्यामुळे वाचतात. 3.25 मिमी सुयांवर एक सुलट एक उलट अशी 3 सेंमीची पट्टी, मग 4 मिमी सुयांवर एक ओळ सुलट, एक उलट, काठापासून 10 सेंमी होईपर्यंत. आता घट, म्हणजे टाके कमी करणे ('दोनांचा एक' म्हणजे दोन टाके एकत्र विणून एक). सुलट बाजूने कडेचा एक टाका, मग '6 सुलट, दोनांचा एक' असे नऊ वेळा, शेवटी कडेचा एक. पुढची ओळ पूर्ण उलट. त्यानंतरच्या सुलट ओळीत '5 सुलट, दोनांचा एक', मग 4, असे उतरत यायचे आणि शेवटच्या घटीच्या ओळीत नुसते दोनांचे एक. अकरा टाके उरतात. धागा लांब ठेवून कापावा, बोथट सुईत ओवून या अकरांतून दोनदा फिरवावा, आवळावा आणि त्याच धाग्याने बाजू शिवावी. शिवण कडेला कड लावून, सपाट. पाठटीप घातली तर आत जाड रेघ येते आणि नेमकी ती बाळाच्या डोक्याखाली रुतते. उंची साधारण साडेचौदा सेंमी भरते आणि लोकर 25 ते 30 ग्रॅम लागते.

मोज्यांबद्दल फार सांगण्यासारखे नाही. नवजाताचे पाऊल जेमतेम 8 सेंमी असते आणि घोट्याच्या वर किमान 5 सेंमीची लवचीक पट्टी नसेल तर कोणताही मोजा पायात टिकत नाही. नाजूक, बुटक्या बुटांचे नमुने छायाचित्रापुरतेच.

स्वेटरच्या बाबतीत 'नवजात' हे माप छापण्याचा आग्रह सोडावा. तो स्वेटर काही आठवड्यांत आखूड होतो. तिसऱ्या महिन्यात छाती साधारण 40 सेंमी, सहाव्यात 43, वर्षाला 45-46. त्यात चार-पाच सेंमी सैलपणा धरायचा. थंडी सुरू होण्याच्या चार महिने आधी जन्मणाऱ्या बाळाला सहा महिन्यांचे मापच उपयोगी पडणार, हा हिशेब नमुन्याशेजारी एका ओळीत देता येईल. आणि स्वेटर पुढून पूर्ण उघडणारा असावा. मान न सावरणाऱ्या बाळाच्या डोक्यावरून विणलेला गळा ओढणे दोघांनाही नकोसे होते.

आता ब्लँकेट. शेवटच्या दोन महिन्यांत बहुतेक जणी तेच हाती घेतात आणि बहुतेकींचे तेच अर्धवट राहते. कारण गणितात आहे. 75 सेंमी चौरसाला 165 टाके आणि सगळ्या सुलट ओळी धरल्या तर सुमारे 300 ओळी, म्हणजे जवळजवळ 50 हजार टाके. मिनिटाला 20 टाक्यांच्या गतीने हे 41 तासांचे काम आहे. रोज एक तास विणले तर सहा आठवडे. 35 व्या आठवड्यात घेतले तर 41 व्यात संपेल. बाळ तोवर थांबेलच असे नाही. तुलनेसाठी, वरची टोपी 2600 टाक्यांची, दोन-सव्वादोन तासांत होणारी.

त्यातूनही ब्लँकेटच हवे असेल तर ते कोपऱ्यातून सुरू करावे. 3 टाके घ्यायचे. प्रत्येक ओळीत पहिल्या टाक्यातून पुढून आणि मागून असे दोन टाके काढायचे, उरलेली ओळ सुलट. दर ओळीला एक टाका वाढत त्रिकोण होत जातो. लोकर आधी वजनकाट्यावर तोलून ठेवावी. 300 ग्रॅम असेल तर 145 ग्रॅम संपल्यावर वाढ थांबवून प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला दोनांचा एक करत जायचे. चौकोन आपोआप जुळतो. आणि दिवस भरत आले, कंटाळा आला, तर 145 च्या जागी 80 ग्रॅमवर वळावे. लहान पण पूर्ण ब्लँकेट मिळते. सरळ विणलेल्या अर्ध्या ब्लँकेटचा नुसता पट्टा उरतो. टाके सव्वादोनशेच्या पुढे जातात, तेव्हा 80 ते 100 सेंमीची सर्क्युलर सुई (लवचीक तारेने जोडलेल्या दोन सुया) हवी. तिचा आणखी फायदा असा, की विणलेल्याचे वजन मनगटावर न राहता मांडीवर टेकते.

मनगटाचा विषय सदरात कधीच येत नाही, याचे आम्हाला नवल वाटते. गरोदरपणी अंगात पाणी साठते आणि मनगटातल्या अरुंद वाटेतून जाणारी नस दाबली जाते. अंगठा, तर्जनी, मधले बोट यांना मुंग्या येतात, विशेषतः रात्री. करंगळी बहुधा सुटते, कारण तिची नस वेगळी. असे होत असेल तर मनगट वाकवून विणू नये, वीस मिनिटांनी सुया ठेवून बोटे उघडझाप करावीत आणि उठून दोन फेऱ्या माराव्यात. पाय सुजलेले असताना एकाच जागी तासभर बसणे तसेही वाईट. सुती धागा या दिवसांत टाळावा, त्याला लवचीकता नसल्याने प्रत्येक टाका बोटांच्या जोरावर ओढावा लागतो. मात्र हातावर आणि चेहऱ्यावर एकाएकी सूज, न हटणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमकणे किंवा अंधुक दिसणे, बरगड्यांखाली दुखणे यांपैकी काहीही झाले तर 'विणून विणून हात सुजला असेल' म्हणत बसू नये. ती वाढलेल्या रक्तदाबाची लक्षणे असू शकतात आणि ताबडतोब डॉक्टरांकडे जायला हवे. एवढी चौकट सदराशेजारी छापायला जागा फार लागणार नाही.

नमुने निवडतानाही काही पथ्ये हवीत. मागच्या बाजूने सुटे धागे लोंबणारी दुरंगी नक्षी हातमोजे आणि पायमोज्यांत नकोच. असा धागा बाळाच्या बोटाभोवती गुंडाळला जाऊन रक्तपुरवठा तोडतो. बाळ रडत राहते आणि कारण मोज्याच्या आत असते. धाग्यांची टोके 5-6 सेंमी आत, दोन दिशांना ओवून टाकावीत. जाळीची भोके बाळाचे बोट शिरेल एवढी नसावीत. टोपीला आणि गळ्याला नाड्या नकोत; युरोपातल्या बालवस्त्रांच्या मानकात तर सात वर्षांखालील मुलांच्या कपड्यांना टोपीपाशी आणि गळ्यापाशी नाड्यांना मनाईच आहे. खेळण्यांच्या डोळ्यांना बटणे लावू नयेत, डोळे धाग्याने भरावेत. लहान भाग तपासायच्या प्रमाणित नळीचा व्यास 31.7 मिमी असतो. त्यात मावणारी वस्तू तीन वर्षांखालच्या मुलासाठी गुदमरण्याचा धोका मानली जाते आणि झाडून सगळी नेहमीची बटणे त्यात मावतात.

लोकर कोणती, यावर वाद घालावा तेवढा थोडा. मोहेर आणि अंगोरा मात्र निर्विवाद बाद, त्यांचे केस सुटून बाळाच्या नाकातोंडात जातात. ॲक्रिलिक मशीनमध्ये धुता येते, पण ज्योतीजवळ वितळते आणि इस्त्री लागली की कायमचे लुळे पडते. खरी लोकर सहज पेट घेत नाही. पण गरम पाण्यात चोळली तर आटून नमदा होते, म्हणून वेष्टनावर मशीनमध्ये धुण्याजोगी असल्याची खूण पाहावी. भेट म्हणून देताना तेच वेष्टन सोबत द्यावे. धुणारी व्यक्ती विणणारी नसते.

शेवटचा मुद्दा छायाचित्रांचा. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या 2022 च्या सूचनांनुसार जन्मानंतरचे पहिले काही तास आणि अतिदक्षता विभाग सोडला तर घरात बाळाला टोपी घालू नये, कारण अंग जास्त तापण्याचा धोका असतो. आणि झोपलेल्या तान्ह्याजवळ सुटे पांघरूण, उशी, मऊ खेळणी ठेवू नयेत. म्हणजे विणलेली टोपी बाहेर नेताना आणि ब्लँकेट मांडीवर, बाबागाडीत किंवा बाळ जागे असताना, कुणाची तरी नजर असतानाच. आपल्या सदरात मात्र बाळ हमखास गाढ झोपलेले, डोक्यावर टोपी, हनुवटीपर्यंत जाळीदार ब्लँकेट आणि कुशीत बटणांच्या डोळ्यांचे अस्वल, असेच असते. पुढच्या वेळी बाळ जागे असतानाचे छायाचित्र घ्यावे, किंवा विणकाम नुसते टेबलावर पसरून, शेजारी मोजपट्टी ठेवून दाखवावे; 10 सेंमीत किती टाके आहेत ते वाचणारीला तिथेच मोजता येईल.

आपले,
विणकाम शिकवणारे काही वाचक